आवाज आधी, बॉल नंतर

नेरूळला राहिलेल्यांना ही गंमत माहीत असेल. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या जवळपास घर असलं आणि मॅच चालू असली, की टीव्ही एकदम शिळा वाटायला लागतो. खिडकीतून आधी ‘हो ऽऽऽ’ असा ओरडा येतो आणि टीव्हीवर बघावं तर बॉलर अजून रनअपच घेत असतो. काहीतरी झालंय हे कळलेलं असतं. काय झालंय ते कळायला मात्र दोन-चार सेकंद थांबावं लागतं. ते दोन-चार सेकंद म्हणजे जाम टेन्शन!

२००८ चा उन्हाळा मी असाच काढला. आयपीएलचा पहिला मोसम, नेरूळचा तीन मुलींचा भाड्याचा फ्लॅट, एक छोटा टीव्ही आणि मी... ‘बेंच’वर.

आयटीत काम करणाऱ्यांना बेंच म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कंपनी तुम्हाला घेते, ट्रेनिंग देते, गळ्यात आयडी कार्ड घालते आणि मग तुमच्यासाठी प्रोजेक्टच नसतो. पगार चालू, काम बंद. ऐकायला सॉलिड वाटतं ना? पहिला महिना वाटतंही. सकाळी महाप्याला जायचं, कार्ड स्वाइप करायचं, लायब्ररीत बसायचं, कॅन्टीनमध्ये तीन वेळा चहा प्यायचा आणि रिसोर्स मॅनेजरला ‘काही ओपनिंग आहे का सर?’ असा मेल टाकायचा. दुसऱ्या महिन्यात वॉचमनही ओळखीचं हसायला लागतो. पाचव्या महिन्यात आपण त्याची नजर चुकवायला लागतो.

माझा पाचवा महिना चालू होता. एप्रिलमध्ये एचआरने आम्हा बेंचवाल्यांना एका मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि गोड इंग्रजीत सांगितलं, की ३० जूनपर्यंत प्रोजेक्ट मिळाला नाही तर ‘आपण वेगळे पर्याय बघू’. पर्याय म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. माझ्या डोळ्यांसमोर एज्युकेशन लोनचा हप्ता आला आणि त्या कागदावर जामीन म्हणून बाबांची सही.

बाबांचं सावंतवाडीला किराणा दुकान. मी बेंचवर आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं. ‘काम कसा चल्ला गो?’ असं विचारलं, की मी म्हणायची, ‘खूप लोड आहे हो बाबा.’ एवढं बोलून विषय क्रिकेटवर न्यायचा. तो आमचा हक्काचा विषय. मला भाऊ नाही, त्यामुळे दुकानातल्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री ऐकायला बाबांच्या शेजारी मीच बसायची. बाबा म्हणजे सचिनभक्त. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिनने शेन वॉर्नला धुतलं तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना गूळ वाटला होता. म्हणून आयपीएल सुरू झाली तेव्हा आमच्या घराची टीम ठरलेली होती. मुंबई. प्रश्नच नव्हता.

आणि राजस्थान? ती टीम आहे हेच आमच्या लक्षात नव्हतं. जानेवारीत आठ शहरांच्या टीम विकल्या गेल्या तेव्हा मुंबई सगळ्यात महाग, ११.१९ कोटी डॉलर्सना गेली. राजस्थान सगळ्यात स्वस्त, ६.७ कोटी डॉलर्स. फेब्रुवारीत खेळाडूंचा लिलाव झाला. धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलर्सना घेतलं. राजस्थानने शेन वॉर्नला घेतलं साडेचार लाखांना, म्हणजे त्याच्या मूळ किमतीलाच. वय ३८, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन वर्ष उलटलेलं. तोच कॅप्टन आणि तोच कोच. बाकी सतत दुखापतींनी बेजार असलेला शेन वॉटसन, सव्वा लाख डॉलर्स. सोहेल तन्वीर, एक लाख. नुकताच अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आलेला रवींद्र जडेजा नावाचा पोरगा. आणि रणजी खेळणारी अशी मुलं, की ज्यांची नावं वाचताना कॉमेंटेटरही अडखळत.

हे सगळं मी लायब्ररीत बसून, कंपनीच्या इंटरनेटवर वाचलं. बेंचवर दुसरं काय करणार? वाचता वाचता वाटलं, अरे, हा तर आमचाच बेंच आहे!

१९ एप्रिलला दिल्लीच्या कोटलावर राजस्थानची पहिली मॅच. नऊ विकेट्सनी हरले. दिल्लीने सोळाव्या ओव्हरमध्येच खेळ आटोपला. माझी नाशिकची रूममेट म्हणाली, ‘हे बाबा, चौदाही मॅचेस हरणार.’ मला उगाच राग आला. स्वतःच्या नापास मार्कांवर कुणी हसलं की येतो तसला.

दोन दिवसांनी जयपूरला त्यांनी पंजाबला हरवलं. ठीक आहे, म्हटलं, लागला तुक्का. मग २४ एप्रिल. हैदराबादला डेक्कन चार्जर्सनी २१४ रन्स ठोकले, त्यात एकट्या सायमंड्सचे ११७. उत्तरादाखल ग्रॅमी स्मिथचे ७१ आणि युसूफ पठाणचे २८ बॉल्समध्ये ६१. तरी शेवटच्या ओव्हरमध्ये १७ हवे होते. बॉलिंगला सायमंड्स आणि बॅटिंगला, बघा हं, शेन वॉर्न! त्याने एक फोर आणि दोन सिक्स मारून एक बॉल राखून मॅच काढली. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला झाडू ठोकला.

पण मी खरी अडकले ती १ मेला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी. जयपूरला कोलकात्याशी मॅच आणि राजस्थानतर्फे ओपनिंगला एक बुटका पोरगा आला. स्वप्नील अस्नोडकर. गोव्याचा, पर्वरीचा. आमच्या सावंतवाडीहून गाडीने दीडेक तास. पदार्पणाच्या त्या मॅचमध्ये त्याने ३४ बॉल्समध्ये ६० काढले आणि मॅन ऑफ द मॅच घेऊन गेला. मॅच संपायच्या आत बाबांचा फोन. मिस्ड कॉल नाही, चक्क फोन!

‘बघलंस गो? आपल्या हयसरचो झिल तो!’

सिंधुदुर्गातल्या माणसाला ‘आपल्या हयसरचो’ म्हणायला पत्रादेवीचा नाका आड येत नाही. त्या दिवसापासून बाबा राजस्थानचे झाले. म्हणजे आतून मुंबईचे, पण अस्नोडकर बॅटिंगला असेपर्यंत राजस्थानचे. वॉर्नने त्याचं नाव ‘गोवा कॅनन’ ठेवलं, म्हणजे गोव्याची तोफ. ज्या वॉर्नच्या धुलाईवर गूळ वाटला होता, त्याच वॉर्नला आता आमचे बाबा ‘माणूस जाणता हा तो’ असं सर्टिफिकेट देऊ लागले.

माणूस जाणतो. मला वाटतं, त्या मोसमाचं गुपित एवढंच होतं. बाकीच्या टीमनी नावं विकत घेतली होती. वॉर्नकडे नावं नव्हती, म्हणून त्याला माणसं बघावी लागली. कुणाला काय येतं ते बघायचं आणि त्याला तेवढंच एक काम द्यायचं. अस्नोडकरने पहिल्या ओव्हर्समध्ये फटके मारायचे. बाद झाला तरी चालेल, मारायचं. युसूफने मधल्या ओव्हर्समध्ये सिक्सर. तन्वीरने नवा बॉल. ४ मेला चेन्नईच्या सहा विकेट्स त्याने १४ रन्समध्ये काढल्या. लाड मात्र नाहीत हं! जडेजाला वॉर्न ‘रॉकस्टार’ म्हणायचा, पण तो उशिरा आला तेव्हा परतीच्या वाटेत बस थांबवून त्याला हॉटेलपर्यंत चालत पाठवलं. हे वॉर्नने पुढे स्वतःच सांगितलं. विश्वास टाकायचा आणि वेळेवर यायला लावायचं. दोन्ही.

७ मेला राजस्थान आमच्या अंगणात आलं, डी. वाय. पाटीलला, मुंबईविरुद्ध. खिडकी उघडी ठेवून आम्ही बसलो. ओरडा आला की राजस्थानची विकेट पडलेली असायची. एक, दोन, तीन... १०३ वर ऑल आऊट. मुंबईने सात विकेट्सनी मारलं. रूममेट्स नाचत होत्या. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ३० जूनला चौपन्न दिवस उरले होते. मी मोजले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका मॅडमनी मला बोलावलं. प्रोजेक्ट कसला, तर कुणालाच नको असलेला. परदेशातल्या एका विमा कंपनीचा सपोर्ट, नाइट शिफ्ट, पाच जणांची टीम. मॅडम नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या होत्या आणि त्यांचा आधीचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. कॅन्टीनमध्ये लोक म्हणायचे, साइडलाइन केलंय त्यांना.

‘तुला काय येतं?’ त्यांनी विचारलं.

‘जावा, एसक्यूएल, थोडं युनिक्स...’

‘ते रिझ्युमेत आहे. सगळ्यांच्याच असतं. तुला काय येतं?’

मी गप्प. एसी चालू असून घाम. मग तोंडातून निघून गेलं, ‘मॅडम, मला हिशेब जुळवता येतो.’

आणि मग मी घडाघडा बोलत सुटले. आमचं दुकान आहे. सातवीपासून रोज रात्री रोजकीर्द मी लिहिते. गल्ला आणि वही यांत दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत बाबा आणि मी जेवत नाही. फरक कुठे असणार याचा मला वास येतो. असलं काहीतरी. इंटरव्ह्यूमध्ये कुणी बोलत नाही असलं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘त्यांची रोज रात्री एक फाइल येते. लाखभर ओळी. कुठल्यातरी ओळीत घोळ असतो आणि बेरीज जुळत नाही. तू फक्त तेवढं बघ. बाकीचं मी बघते. सोमवारपासून ये. आणि साडेसहा म्हणजे साडेसहा.’

मॅडमना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला पुढे समजलं. शेन वॉर्न हा हॉलिवूडचा हीरो असावा असा त्यांचा समज होता. पण त्या रात्री कॅन्टीनमधून मी बाबांना फोन केला आणि पाच महिन्यांचं खोटं सांगून टाकलं. लोड नव्हताच हो बाबा, आता मिळाला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माका म्हायत होता गो. लोड असलेली पोर इतक्यो मॅची बघणा नाय.’

नाइट शिफ्टमुळे पुढच्या मॅचेस टीव्हीवर कमी आणि क्रिकइन्फोवर जास्त बघितल्या. एफ-फाइव्ह दाबून दाबून बटणावरची अक्षरं पुसली. २६ मेला जयपूरला पुन्हा मुंबई-राजस्थान. मुंबई सेमीफायनलच्या काठावर होती, प्रत्येक पॉइंट प्राणपणाने हवा होता. शेवटच्या बॉलवर राजस्थान जिंकलं. इकडे स्क्रीन रिफ्रेश होईना, तिकडे बाबा फोनवर. ‘जिंकलो’ म्हणावं की ‘हरलो’ हे त्या माणसाला कळत नव्हतं! मुंबई पाचवी आली, सेमीफायनल हुकली. राजस्थान चौदापैकी अकरा मॅचेस जिंकून टॉपला होतं. जयपूरला तर एकही मॅच हरले नाहीत. माझ्या फाइलची बेरीज त्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच रात्री जुळली.

३० मेला वानखेडेवर सेमीफायनल. ज्या दिल्लीने पहिल्या मॅचमध्ये नऊ विकेट्सनी लोळवलं होतं, तिला राजस्थानने ८७ वर गुंडाळलं. १०५ रन्सनी विजय. नाशिककर रूममेटने कानाला हात लावला.

आणि १ जून. रविवार, म्हणजे सुट्टी. फायनल डी. वाय. पाटीलला, आमच्या घराशेजारी. तिकीट काढायची ऐपत नव्हती, पण खिडकी फुकट होती. मी बाबांना सांगितलं, शेवटच्या ओव्हरला फोन करते, तुम्हाला स्टेडियम ऐकवते.

चेन्नईने १६३ केले. राजस्थानच्या बाजूने ग्रॅमी स्मिथ दुखापतीमुळे नव्हता. अस्नोडकरने २८ केले. युसूफने आधी तीन विकेट्स काढल्या होत्या, मग बॅटने ५६ मारले. तो गेला तेव्हा वाटलं, संपलं. क्रीजवर उरले वॉर्न आणि तन्वीर. म्हातारा कॅप्टन आणि एक लाख डॉलर्सवाला बॉलर. शेवटच्या ओव्हरमध्ये आठ हवेत. बालाजी बॉलिंगला.

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल खिडकीच्या गजातून बाहेर धरला. एक बॉल, एक रन. स्कोअर बरोबरीत.

ओरडा आला. असा, की गज थरथरले.

पण कुणाचा ओरडा? धोनीवालेही तेवढेच होते आत. टीव्हीवर बालाजी अजून रनअपच्या टोकाला उभा. फोनमधून बाबांचा आवाज, ‘काय झाला? काय झाला गो?’ मला तरी कुठे माहीत! काहीतरी झालंय, आपल्या बाजूने की विरुद्ध ते ठाऊक नाही, आणि जे व्हायचं ते आता होऊनही गेलंय. ३० जूनची वाट बघताना मी पाच महिने जशी जगत होते, अगदी तसंच.

मग बालाजी धावत आला. तन्वीरने बॉल मारला, दोघं पळाले, आणि सगळ्यात स्वस्त टीम चॅम्पियन झाली. फोनवर सावंतवाडीत कुणीतरी फटाके लावल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणजे बाबांनीच. दिवाळीचे उरलेले.

इथे थांबले असते तर स्टोरी झक्कास झाली असती ना? पण तुम्ही रोज ऑफिसला जाता, तुम्हाला पुढचं विचारायचा हक्क आहे.

पुढचं असं, की २००९ ची आयपीएल निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत झाली आणि राजस्थान सहावं आलं. अस्नोडकरने पहिल्या मोसमात ३११ रन्स केले होते. पण आयपीएलमधली त्याची सगळी कारकीर्द २० मॅचेस आणि ४२३ रन्सची. भारताकडून खेळायला त्याला कधीच मिळालं नाही. २०२५ पर्यंतच्या अठरा मोसमांत राजस्थानचं विजेतेपद ते एकच.

आणि माझं? सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या बँका कोसळल्या, आमच्या विमा कंपनीने खर्च कापला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये प्रोजेक्ट बंद. पुन्हा बेंच, आणि महिन्याभरात हातात पत्र. मॅडम स्वतः गेटपर्यंत सोडायला आल्या. मी सावंतवाडीला गेले आणि आठ महिने दुकानात बसले. एका रात्री रोजकीर्द लिहिता लिहिता मी बाबांना म्हटलं, काय उपयोग झाला त्या सगळ्याचा? तो अस्नोडकर तरी कुठे आहे आता?

बाबा वही मिटत म्हणाले, ‘मारलेले रन कोण पुसूक शकणा नाय गो.’

ते तेवढंच बोलले. पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं, यू हॅव ओन्ली नाइन मंथ्स ऑफ एक्स्पीरियन्स? मी म्हटलं, हो, पण त्या नऊ महिन्यांत काय केलं ते सांगते. आणि लाखभर ओळींमधला घोळ कसा शोधायचा ते फळ्यावर लिहून दाखवलं. नोकरी मिळाली. पुण्याला.

४ मार्च २०२२ च्या संध्याकाळी मी ऑफिसमधून निघत होते तेव्हा बाबांचा फोन आला. आवाज बसलेला. ‘गेलो गो तो.’ कोण, हे विचारायची वेळ आली नाही, मोबाइलवर तेवढ्यात बातमी झळकली होती. शेन वॉर्न, थायलंडमध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी. शारजाच्या वेळी गूळ वाटणाऱ्या माणसाने त्या दिवशी दुकान तासभर लवकर बंद केलं.

आता माझ्या हाताखाली बारा जण आहेत. दर जुलैत नवीन पोरं येतात. नवे शर्ट, गळ्यात आयडी, डोळ्यांत ‘आपल्याला कुठे टाकणार’ ही भीती. माझ्यासमोर बसतात आणि पाठ केलेलं सुरू करतात. पायथॉन, क्लाउड, अमुक, तमुक.

मी त्यांना पूर्ण म्हणू देते. मग विचारते, ‘ते रिझ्युमेत आहे रे. तुला काय येतं?’

बहुतेक जण गप्प होतात. एसी चालू असून घाम फुटतो. मी घाई करत नाही. आवाज येऊन गेलेला असतो, बॉल अजून दिसायचा असतो. थांबते दोन-चार सेकंद.